तालिमखान्याची मुळी

"नक्की तालिमखानाच?"

"नक्की, गुरुजी. काठावरूनच ओळखला. पाणथळ जागा, जांभळं फूल... दुसरं काय असणार?"

दाजीशास्त्री वैद्य तळ्याकाठी दगडावर बसले होते. पाय सुजून टम्म झालेले; सूज उतरायला तालिमखान्याच्या झाडाची मुळी हवी होती. डोळ्यांना दिसायचं तर कधीच बंद झालं होतं. शिष्य नरहर त्यांना हात धरून घेऊन आला होता. पंचक्रोशीत आपल्याइतक्या वनस्पती कुणी ओळखत नाही, असं तो चारचौघांत सांगायचा.

"मग मुळी धुऊन आण. इथंच चावतो."

"इथंच? घरी काढा करू की."

"खात्री आहे ना तुझी?"

"आहे."

गुरुजींनी तोंड उघडलं.

नरहरनं मुळी धुतली, त्यांच्या ओठांपाशी नेली... आणि त्याचा हात थबकला.

तालिमखान्याला पेऱ्यापेऱ्याशी लांब काटे असतात. त्यानं देठावरून बोट फिरवलं.

गुळगुळीत.

एकही काटा नव्हता.

"काय झालं रे?"

"काही नाही... तुम्ही काही तोंडात घालू नका!"

झाड फेकून तो चिखलात उतरला. कमरेइतका रुतला. लव्हाळ्यांच्या पलीकडे तशीच जांभळी फुलं दिसत होती. त्यानं हात घातला आणि काटे तळव्यात घुसले. तरी त्यानं झाड लगेच उपटलं नाही. फूल पाहिलं, पान पाहिलं, पुन्हा फूल पाहिलं.

झाड घेऊन तो गुरुजींपाशी परत आला.

"सापडला?"

"काटे आहेत. फुलं पेऱ्याशी गुच्छानं आहेत. पानं लांबट. सगळं जुळतंय..."

"मग?"

"तुमच्या पोटात जायचंय, गुरुजी. आधी मी चावतो."

त्यानं मुळीचा तुकडा चावला, गिळला. उन्हं कलली. नरहर सारखा आपलंच पोट चाचपत होता.

"काही होतंय का?"

"नाही... पण अजून थोडं थांबू या. मला पुन्हा एकदा बघू द्या."

गुरुजींनी चाचपडत त्याचा रक्ताळलेला हात धरला आणि मुळीसकट आपल्या तोंडाकडे ओढला.

"मघाशी तुझी खात्री होती, तेव्हा मला भीती वाटत होती," ते म्हणाले.