दगडावरचे शेवाळ

एकदा एक व्यापारी आपली सुपारीची बाग दाखवायला एका वृद्ध साधूंना घेऊन आला. साधूंसोबत त्यांचा शिष्यही होता.

"बघा महाराज, खोडं कशी हिरवी पडलीत," व्यापारी म्हणाला. "हे शेवाळ झाडांना खातंय. दोन वर्षांत पीक निम्म्यावर आलं. घरातही तोच प्रकार. दोन वर्षांपूर्वी आमची द्वारकाकाकू राहायला आली. विधवा, मूलबाळ नाही, नुसती ओसरीवर बसून असते. तेव्हापासून बरकतच गेली. महिन्याभरात तिला माहेरच्या गावी धाडणार आहे. तिथे तिचं कुणी उरलं नाही, पण मी तरी काय करू?"

साधूंनी काकूंविषयी काहीच विचारले नाही. "आधी एकच झाड खरवडून बघ," ते म्हणाले. मग त्यांनी ओढ्यातला एक गोटा उचलला. खोडावरचा हिरवा थर शिष्याकडून त्यावर चोळून घेतला आणि गोटा सावलीत ठेवला. "यावर रोज ओंजळभर पाणी घाल," ते व्यापाऱ्याला म्हणाले.

"गुरुजी, आजारी झाड, आणि सेवा दगडाची?" शिष्य हळूच म्हणाला. साधू नुसते हसले.

महिन्याने दोघे पुन्हा आले. गोटा हिरवागार झाला होता. खरवडलेल्या झाडाची साल मात्र जागोजागी सोलली होती आणि जखमांतून तांबूस पाणी गळत होते.

साधूंनी गोटा व्यापाऱ्याच्या हाती दिला. "हा किती झिजला?"

"दगड कसा झिजेल, महाराज?"

"मग शेवाळाने महिनाभर खाल्लं काय?"

व्यापारी गोटा उलटसुलट करून पाहू लागला.

साधू म्हणाले, "त्याला ओलावा हवा, थोडा उजेड हवा आणि टेकायला जागा. जागा दिल्याने झाड वाळत नाही. झाडाला जखम झाली ती तुझ्या कोयत्याने. बागेच्या उताराकडची ही कुंपणाची भिंत कधी बांधलीस?"

"दोन वर्षं झाली."

"तिने पाणी अडवलं. मुळं कुजली ती त्या पाण्याने, आणि शेवाळ माजलं तेही त्याच ओलीने. तू मात्र जे डोळ्यांना दिसलं त्यालाच चोर ठरवलंस."

व्यापारी गोटा हातात घेऊन घराकडे चालू लागला. साधू आणि शिष्य मागून निघाले.

दारात बैलगाडी उभी होती. ओसरीवर द्वारकाकाकू गाठोडे बांधून बसल्या होत्या. व्यापारी गाडीवानाला काहीतरी म्हणाला, तशी गाडी बागेकडे वळली.

"का रे, बैल रुसले का माझ्यावर?" काकूंनी विचारले.

"नाही काकू. भिंत पाडायची आहे. तिचे दगड वाहायला गाडी लागेल."

"मग मी कधी जायचं?"

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "कुठेच नाही."

शिष्याने कुणी न सांगता गाठोडे उचलले आणि आत नेऊन ठेवले.

घरात काही खंगू लागले, तर कुणाला घालवायचे हे ठरवण्याआधी पाणी कुठे अडले आहे ते पाहावे.