भिवरामायचं तेल

तांबदऱ्याला सडक नव्हती, आज गावात असलेल्या एकाही म्हाताऱ्याचा जन्म झाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावात भिवरामाय नावाची बाई होती. ती ओढ्याकाठी पुदिना लावायची, तांब्याच्या हंड्यात तो उकळायची, त्याची वाफ बांबूच्या नळीतून गार मडक्यात उतरवायची आणि पाण्यावर तरंगलेलं तेल पिसानं टिपून कुपीत भरायची. डोकं धरलं की ती कपाळाला बोट लावी, नाक चोंदलं की वाफेच्या पाण्यात थेंब टाकी, पोट बिघडलं की पेलाभर पाण्यातून थेंब देई. बैलगाडीत मळमळणाऱ्या नव्या नवऱ्या तिच्या तेलाचा बोळा हुंगत सासरी पोचायच्या. भांडायला निघालेल्या माणसाचा राग तिच्या दारावरून जाताना निम्मा उतरायचा, असं म्हणतात.

मग एका उन्हाळ्यात गावात हगवण शिरली. लोक भिवरामायकडे धावले. तिनं दिलेले थेंब त्यांनी विहिरीच्या पाण्यातून घेतले, आणि बरी व्हायची माणसं उलट अंथरुणाला खिळली. केरबाचा कर्ता मुलगा तेल घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी गेला. केरबा चावडीवर उभा राहून म्हणाला की तेलातच विष आहे, बाईला करणी येते. गढीच्या नरसोजीरावांनी लगेच मान डोलावली. भिवरामायनं उद्या दिवस मावळायच्या आत गाव सोडावं, असं ठरलं.

गाव सुटणार याचं दुःख तिला होतंच. पण त्याहून मोठी भीती तिनं कुणाला सांगितली नाही. आपल्याच हातून पोर गेलं असेल तर? हंड्याची कल्हई उडून तेलात काही उतरलं असेल तर? तिनं तेच तेल स्वतः घेऊन पाहिलं. काही झालं नाही. पण ती पाणी प्यायची झऱ्याचं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरही झऱ्याचंच पाणी होतं, आणि तिथले आजारी याच तेलानं उठून बसले होते.

गावाच्या विहिरीच्या वर, चढावर, गढी होती. गढीच्या संडासाची आणि तबेल्याची सगळी घाण एका खड्ड्यात जायची. गढीची स्वतःची विहीर त्याच्याही वर होती. गढीत एकही माणूस आजारी नव्हतं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं, ज्यांच्या घरातून तिरडी निघाली तेसुद्धा नाही.

सकाळी तिनं चावडीवर सांगितलं की मी जाते, पण माझ्याकडचं उरलंसुरलं तेल आधी गढीच्या खड्ड्यात ओतू द्या, आणि गावानं विहिरीवर बसावं.

नरसोजीराव हसले. "ओत की. आमच्या खड्ड्याला तरी जरा सुवास येईल. चुन्यात बांधलाय तो, थेंब बाहेर जायचा नाही."

तिनं सगळ्या कुप्या रिकाम्या केल्या, वरून कढत पाण्याच्या घागरी ओतल्या आणि तिथंच बसून राहिली. हाताला, लुगड्याला तेल लागलेलं. विहिरीपाशी गेली असती तर वास हिनंच आणला म्हणाले असते.

"केरबादादा, खाली जाऊन विहिरीचं पाणी तुम्ही हुंगा," ती म्हणाली. "तुम्ही माझी बाजू घ्यायचे नाही, म्हणून तुम्हीच."

दुपार गेली. खालून काही कळेना. गढीचे नोकर येता-जाता विचारत होते की गाठोडं बांधलंस का. उन्हं कलली, तेव्हा केरबा चढ चढून आला. हातात पाण्यानं भरलेला लोटा होता. तिनं तो नाकाशी धरला. पण दिवसभर त्या वासात बसून तिचं नाक मेलं होतं.

"मला कळत नाही, दादा. तुम्ही सांगाल ते खरं."

केरबानं लोटा परत घेतला. "पुदिना आहे, भिवरा," तो म्हणाला. "नुसता पुदिना." मग खाली बसला. "अन् मी त्याला दर घटकेला हेच पाणी पाजत होतो."

ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि दोघंही रडत होती.

गाव कुदळी घेऊन वर आलं, तेव्हा नरसोजीरावांनी दार लावून घेतलं. खड्डा उपसला, बुजवला. बायकांनी झऱ्याचं पाणी भरलं. भिवरामायकडे तेलाचा थेंब उरला नव्हता, तरी आजारी माणसं एकेक करून उठली, भाकरी मागू लागली. विहिरीचा वास वर्षभर गेला नाही, गाईंच्या दुधालाही यायचा, आणि माश्यांनी गावाची शीव ओलांडली नाही, असं म्हणतात.

तांबदऱ्यात अजून दर उन्हाळ्यात भिवरामायचा दिवस पाळतात. घरोघरच्या खड्ड्यांत पुदिन्याचं तेल ओततात. ओतणारा विहिरीकडे फिरकत नाही, बाकी गाव विहिरीवर बसून हुंगतं. सुरुवात होते ती गावातल्या सगळ्यात मोठ्या घरापासून, आणि त्या घराची परवानगी कुणी मागत नाही.