आरोपी गैरहजर

फार जुन्या काळी, डोंगराआडच्या एका राज्यात न्यायाचा मोठा बोलबाला होता. तिथल्या कचेरीचा चोपदार पायरीवर उभा राहून आरोपीच्या नावाचा तीनदा पुकारा करी. आरोपीने ‘हजर’ म्हटलं, तर खटला चाले. उत्तर आलं नाही, तर ‘आरोपी गैरहजर’ असं लिहून पुढची तारीख पडे.

चोपदार म्हातारा होता, पण आवाज खणखणीत. त्या आवाजाचा त्याला भारी अभिमान.

दर तारखेला दोरखंड वळणाऱ्या एका माणसाची बायको पायरीखाली येऊन बसे. राजाचा घोडा चोरल्याच्या संशयावरून शिपायांनी तिच्या नवऱ्याला धरलं, त्याला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं चोपदार पुकारत होता आणि आठ वर्षं आरोपी गैरहजर होता.

एकदा तारीख पडली, तरी बाई उठली नाही.

“चोपदारमामा, माझा नवरा कुठं आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“मला काय ठाऊक? फरारी असेल.”

“तुमच्याच कोठडीत आहे की! या डोंगराच्या पोटात. दर बाजाराच्या दिवशी मी भाकरी देऊन येते.”

चोपदार चपापला. “मग ओ का देत नाही?”

“ऐकू आलं तर देईल ना! आवाजाचं कौतुक पुरे आता, मामा.”

चोपदाराने लेखनिकाला गाठलं. लेखनिक हसला.

“हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आरोपीला आणायचं काम शिपायांचं. शिपाई म्हणतात, न्यायाधीशांचा लेखी हुकूम हवा. आणि न्यायाधीश म्हणतात, खटला सुरू झाल्याशिवाय हुकूम निघत नाही. तू आपला ओरड!”

त्या दिवशी चोपदाराला जेवण गेलं नाही. आठ वर्षं आपण हवेला हाका मारल्या, हे त्याच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या तारखेला तो पायरी उतरला आणि हातातला दंड टेकत थेट कोठडीकडे निघाला. “मामा, वाट चुकलात काय?” शिपाई खिदळले. त्याने झरोक्याला तोंड लावून पुकारा केला. एकदा, दोनदा. तिसऱ्या हाकेला आतून घोगरा आवाज आला, “हजर!”

आता खटला चालवणं भागच होतं. पान चघळून होण्याआधी तो संपलाही. घोडा तिसऱ्याच दिवशी आपणहून तबेल्यात परतला होता. कुणी विचारलंच नव्हतं.

“निर्दोष. सोडा याला,” न्यायाधीश म्हणाले.

“आणि माझी आठ वर्षं, सरकार?” सुटलेल्या कैद्याने विचारलं.

“त्याला आम्ही काय करणार? तू हजर नव्हतास.”

पायरी सोडली म्हणून चोपदाराचा दंड काढून घेतला गेला. तो घरी गेला. पण इतर कैद्यांनी झरोक्यातून तो एक शब्द ऐकला होता.

पुढच्या तारखेला नवा चोपदार पायरीवर चढला. त्याने तोंड उघडण्याआधीच डोंगराच्या पोटातून नव्वद गळे एकदम गरजले, “हजर! हजर!” राजवाड्यात राजाच्या हातातला घास थांबला. कचेरीत लेखनिकाने लेखणी उचलली, न्यायाधीशांकडे पाहिलं आणि खाली ठेवली. ‘गैरहजर’ आता लिहायचं कसं?

त्या दिवसापासून एकेक कोठडी उघडावी लागली.

तात्पर्य: ज्याला आपणच कोंडलं, त्याला गैरहजर ठरवणारा न्याय स्वतःच गैरहजर असतो.