सपाट हौदा

एका राज्यात एक राजा होता. त्याला कुस्तीचा नाद, ग्रंथांची आवड आणि नाटकाचं वेड होतं. आपल्याला जे आवडतं ते गावोगावी असावं, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून त्यानं हुकूम काढला. ज्या गावात तालीम आहे, तिथल्या पैलवानांना दूध, तूप आणि बदाम असा खुराक दरबारातून मिळेल. ज्या गावात ग्रंथघर आहे, त्याला नवे ग्रंथ मिळतील. ज्या गावात नाटकमंडळी आहे, तिला पडदे आणि दिवट्यांचं तेल मिळेल.

हुकूम चांगला होता, आणि चांगल्या हुकमाला वाळवी लवकर लागते. काही गावांनी गोठ्यालाच तालीम म्हटलं आणि तिथले बदाम पाटलांचे जावई खाऊन गेले. राजाच्या कानावर हे आलं तेव्हा तो चिडला. "दिलेलं योग्य जागी जातं की नाही, हे पाहायला माणूस नेमा," तो म्हणाला. दरबारानं एक पाहणीदार नेमला.

पाहणीदार माणूस सचोटीचा होता. कोणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. अंगात पांढराशुभ्र अंगरखा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. अडचण एवढीच होती की जन्मात तो कधी हौद्यात उतरला नव्हता. हौदा म्हणजे तालमीतली कुस्ती खेळायची तांबड्या मातीची जागा. ती चांगली कशी ओळखायची, हे त्याला कोणी सांगितलं नाही आणि त्यानंही कोणाला विचारलं नाही. नीटनेटकं असेल ते चांगलं, असं त्यानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं. शिवाय आधी कळवलं तर लोक दाखवण्यापुरतं सजवतात, म्हणून तो न कळवताच जाई.

डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात एक म्हातारा वस्ताद तालीम चालवत होता. त्याला ना घर होतं, ना संसार. लहानपणीच आईबाप गेलेला एक पोर त्यानं तालमीत वाढवला होता आणि आता त्याचा भरदार पठ्ठा झाला होता. वस्तादाची इच्छा एकच होती. डोळे मिटायच्या आत या पठ्ठ्यानं राजासमोर मानाची कुस्ती मारावी.

तालमीचा रिवाज असा की रोज सकाळी आधी कुदळीनं हौदा उकरायचा. ढेकळं फोडायची, माती भुसभुशीत करायची, अधूनमधून तिच्यात ताक, तेल आणि हळद मिसळायची. मग पोरं लढत. लढून झाल्यावर हौदा म्हशी लोळून गेल्यासारखा दिसे, आणि वस्तादाला तो तसाच आवडे.

पाहणीदार आला तो नेमका पोरं लढून उठल्यावर. काठावर उभा राहून त्यानं पाहिलं. इथं खड्डा, तिथं ढीग, आणि भिंतीला टेकून मातीनं माखलेली पोरं धापा टाकत होती.

"हा हौदा?" त्यानं विचारलं.

"व्हय जी. आत्ताच पोरं खेळली," वस्ताद म्हणाला.

"काल एका गावात पाहिला. आरशासारखा सपाट होता. वर रांगोळीसुद्धा होती."

"मग तितं खेळत कोन असंल?" वस्तादानं विचारलं. पण तोवर पाहणीदार वहाणा करकरवत निघून गेला होता.

महिना उलटायच्या आत तालमीचा खुराक बंद झाला. पठ्ठ्याचं दूध गेलं, बदाम गेले. वस्तादाला त्याच्या गालाकडं बघवेना. एक दिवस गावचा पाटील तालमीत येऊन बसला.

"वस्ताद, त्याला सपाट पायजे तर सपाट ठिवा की. आपल्या बाचं काय जातंय?"

"पोरं खेळली की माती विस्कटती, पाटील."

"मग त्यो यिऊन जाईस्तवर खेळू नका."

"पर त्यो येनार कवा?"

"त्ये कुनाला ठावं? त्यो काय सांगून येतोय?"

म्हणजे तो कधीही येणार, तेव्हा माती कायम सपाट हवी. माती कायम सपाट हवी, तर कोणीही कधीच खेळायचं नाही. हिशेब सरळ होता आणि पाटलाला तो पटलाही होता. ऐकणारा पठ्ठा मात्र पुढं आला.

"वस्ताद, दूध न्हाई मिळालं तर नगं. भाकरीवर लढू. पर मातीत उतरायचं बंद करू नका."

"भाकरी खाऊन राजाम्होरं कुस्ती मारशील व्हय?" वस्ताद म्हणाला. पोरावर त्याचा जीव होता. तो जीव होता म्हणूनच त्यानं पाटलाचं ऐकलं.

हौदा पाणी मारून चोपला. खळं करताना चोपतात तसाच, त्याच जड लाकडी धुमसानं. वर चाळलेल्या तांबड्या मातीचा पातळ थर पसरला आणि हळदीची नक्षी काढली. कुदळ आढ्याला टांगली. पोरं बाहेर लिंबाखाली जोर-बैठका काढू लागली. पठ्ठ्याचे हात फारच शिवशिवले, तर तो ओढ्याच्या वाळूत जाऊन जोडीदाराशी दोन डाव खेळून येई.

पाहणीदार पुन्हा आला. काठावर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला. खुराक तर सुरू झालाच, वर दारावर 'आदर्श तालीम' अशी पाटी लागली. आसपासच्या गावचे लोक हौदा पाहायला येऊ लागले. ते वहाणा बाहेर काढत, हात जोडत, कोणी नारळही ठेवी. शेजारच्या ग्रंथघराच्या रखवालदारानं हे पाहिलं आणि सगळे ग्रंथ लाल फडक्यात बांधून कपाटाला कुलूप घातलं, म्हणजे पानाला डाग नको. नाटकमंडळीनं पडद्यांना चुण्या पडू नयेत म्हणून नाटकच बंद केलं. सगळं गाव आदर्श झालं, आणि गावात कोणाला करमेनासं झालं.

इतकी कीर्ती झाल्यावर राजाला राहवेना. यंदा जत्रेची मानाची कुस्ती याच तालमीत होईल, असं त्यानं जाहीर केलं. वस्तादाच्या पठ्ठ्यासमोर नदीकाठच्या गावचा मल्ल उभा राहणार होता. त्या गावचा हौदा पाहणीदाराला कधीच पसंत पडला नव्हता. त्यामुळे तिथला खुराक बंद होता, आणि हा मल्ल भाकरी-कांद्यावर वाढलेला होता. आपला पठ्ठा याला सहज लोळवील, असं गावात जो तो म्हणत होता. वस्तादालाही तसंच वाटत होतं. जत्रेआधी एकदा हौदा उकरून घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. पण राजाच्या आधी पाहणीदार येणार आणि कोणत्या दिवशी येणार ते ठाऊक नाही, म्हणून कुदळ टांगलेलीच राहिली.

जत्रेच्या दिवशी हौद्याभोवती मुंगीला शिरायला वाट नव्हती. राजा आला, मानाच्या जागी बसला. त्याच्या शेजारी पाहणीदार प्रसन्न मुद्रेनं बसला.

दोघं मल्ल हौद्यात उतरले. उतरल्यावर मूठभर माती घेऊन कपाळाला लावायची, ही रीत. पठ्ठ्यानं वरची माती हलकेच उचलली. नदीकाठच्या मल्लानं सवयीनं बोटं खोल घातली, तर नखं कर्रकन घासली. त्यानं बोटांकडं पाहिलं, मग टाचेनं जमीन दाबून पाहिली. आणि तो गुपचूप काठावर वस्तादापाशी आला.

"वस्ताद, माती उकरल्याली न्हाई," तो हळूच म्हणाला. "कुदळ मागवा. तवर मी थांबतो. माझी काय बी घाई न्हाई."

वस्तादानं राजाकडं पाहिलं. पाहणीदाराकडं पाहिलं. दारावरच्या पाटीकडं पाहिलं. कुदळ मागवली तर सगळंच उघडं पडणार होतं. पाटी जाणार, खुराक जाणार, आणि ज्या दिवसाची आयुष्यभर वाट पाहिली तो दिवसही जाणार. मग त्यानं पठ्ठ्याकडं पाहिलं. पठ्ठा वस्तादाकडंच बघत होता. माती कशी आहे हे त्यालाही ठाऊक होतं, पण वस्ताद सांगेल ते करायचं, एवढंच तो लहानपणापासून शिकला होता.

"जरा कडक लागती इतकंच," वस्ताद म्हणाला. "खेळा."

कुस्ती लागली. नदीकाठचा मल्ल जपून खेळत होता. पठ्ठा मात्र जपायला आला नव्हता. तो मुसंडी मारून आत शिरला, त्याबरोबर मल्लानं सवयीनं कंबर धरून त्याला वर घेतलं आणि टाकलं. भुसभुशीत मातीत असे डाव रोज पडतात. पडणारा लोळण घेतो आणि हसत उठतो. इथं पठ्ठा खांद्यावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ऐकू गेला.

नदीकाठच्या मल्लानं त्याला चीत केलं नाही. तो खाली बसला आणि पठ्ठ्याचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. कोणी टाळी वाजवली नाही.

राजा उठला. पादत्राणं काढून हौद्यात आला, वाकला, आणि त्यानं बोट मातीत घालून पाहिलं. ते गेलं नाही.

"इथं शेवटची कुस्ती कधी झाली होती?" त्यानं विचारलं.

"पाहणीदार दुसऱ्यांदा यायच्या आदी," वस्ताद म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं. "त्येंचा दोस न्हाई महाराज. त्येंना म्हाईत नव्हतं. मला म्हाईत हुतं."

राजा पाहणीदाराकडं वळला. "तुम्ही इथं कितीदा आलात. एकदाही आत उतरून पाहिलं नाहीत?"

"नाही महाराज," पाहणीदार म्हणाला. "उतरलो असतो तर माती विस्कटली असती."

तो खरं तेच बोलला होता, म्हणून त्याला कोणी हसलं नाही. "काठावर तुम्ही एकटे नव्हता," राजा म्हणाला. "मीही तिथंच होतो." मग त्यानं नवा हुकूम दिला. पाहणीदारानं पोरं लढत असतानाच हौद्यात उतरायचं आणि स्वतः एकदा पडून पाहायचं. ग्रंथघरात कोरी पानं मोजायची नाहीत, कोणतं पुस्तक वाचून वाचून फाटलं ते विचारायचं. आणि ज्याच्या अंगरख्याला माती नसेल, त्याचं मत दरबारात ऐकलं जाणार नाही.

लोक ते लोकच. पुढच्याच फेरीत एका गावानं पाहणीदाराच्या अंगरख्याला माती फासायला वेशीवरच माणूस उभा केला होता, म्हणजे पुढं यायचे त्याचे कष्ट वाचावेत. पण आता पाहणीदार शहाणा झाला होता. त्यानं अंगरखा झटकला आणि हौदा कुठं आहे ते विचारलं.

पठ्ठ्याचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही, आणि तो पुन्हा कधी लढला नाही. त्यानं वस्तादाला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर वस्तादाला झोप तरी लागली असती.

तालमीतली कुदळ खाली उतरली. नवी पोरं रोज हौदा उकरू लागली. पठ्ठा काठावर बसून त्यांना डाव सांगे आणि वस्ताद त्याच्या शेजारी बसे.

एका सकाळी बाहेर वहाणा करकरल्या. पोरं नुकतीच लढून उठली होती आणि हौदाभर खड्डे आणि ढीग झाले होते. आवाज ऐकताच म्हातारा वस्ताद धडपडत उठला आणि जुन्या सवयीनं पायानं माती सारखी करू लागला. पठ्ठ्यानं धड हातानं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, वस्ताद," तो म्हणाला. "हितंच पडून पोरं उठत्यात."

वस्ताद खाली बसला. पाहणीदारानं दारात वहाणा काढल्या आणि तो हौद्यात उतरला. त्याचा पाय घोट्यापर्यंत मातीत रुतला.

तात्पर्य: ज्या मातीत कोणी पडत नाही, ती कितीही सपाट असली तरी पडणाऱ्याला सांभाळत नाही.