साळिंदरशास्त्र्यांची यादी

फार वर्षांपूर्वी माळावर पुन्हा पानावर काटा ओढल्याची तीच खरखर ऐकू आली आणि अडुळसा वैतागला. साळिंदरशास्त्री आपल्या काट्याने पळसाच्या पानावर झुडपांची यादी लिहीत होते.

"पानं समोरासमोर, फूल पांढरं, काटा एकही नाही. म्हणजे चाऱ्याचं झुडूप."

"अहो शास्त्रीबुवा, मी कडू आहे. तिसऱ्यांदा सांगतोय. चाऱ्यात घातलंत तर चव बघण्यातच शेळ्या माझे कोवळे फुटवे तोडतील."

"चवीला आमच्या यादीत रकाना नाही."

"मग एक पान चावून तरी बघा."

"आम्ही मोजतो बाबा, चावत नाही," म्हणत शास्त्र्यांनी 'चारा' असं मोठ्याने वाचलं.

ते ऐकून म्हातारी शेळी आली. अडुळशाने अंग चोरलं. तिने पान नुसतं हुंगलं, शास्त्र्यांकडे एकदा पाहिलं आणि पलीकडच्या काटेरी बोरीकडे निघून गेली.