दौलतरावांची नवी चप्पल

गावचं तळं बुजवू नये म्हणून ऋजुताने केलेली फिल्म दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत दाखवायची होती. एडिटिंग संपत आलं होतं. तेवढ्यात स्टुडिओचे मालक दौलतराव कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून गरजले, "ग्राफिक्स ड्रायव्हरचं अपडेट आलंय. आत्ताच्या आत्ता टाक!"

"सभा झाली की टाकते, काका. नव्या ड्रायव्हरने पडद्यावर चित्रच नीट उमटेना आणि एडिटिंग अडलं, तर उद्या दाखवायचं काय?"

"परदेशात शिकून आलीस आणि नव्याला घाबरतेस? मालक मी आहे!"

ऋजुता हटली नाही. तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली. "काका, काल नवी कोल्हापुरी आणलीत ना? मग आज ही जुनीच?"

"नवी चावते गं! उद्या सभेत माझा सत्कार आहे. स्टेजवर लंगडत चढू काय? आधी तेल देईन, घरात घालून बघीन, मग बाहेर काढीन."

"माझी फिल्मही उद्या त्याच स्टेजवर चढणार आहे, काका."

दौलतरावांनी चपलांकडे पाहिलं आणि पडद्यावरचं बोट मुकाट्याने मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी सभेत फिल्म कुठेही न अडखळता चालली. तळं राखायचं ठरलं. त्या संध्याकाळी ऋजुताने नवा ड्रायव्हर टाकला आणि दौलतरावांनी नव्या चपलेला तेल लावलं.