देववडाखालचे खडे

फार जुनी गोष्ट. पाखरं देववडाखाली दाणे टिपत असताना सुतारपक्षी बातमी घेऊन आला, “वड आतून पोकळ झालाय. घरटी हलवा.”

तिथला रिवाज असा होता की, पटलं तर बोलणाऱ्यापुढे पांढरा खडा टाकायचा, नाही पटलं तर काळा. काळे जास्त झाले की त्याने गप्प बसायचं.

“देवाला पोकळ म्हणतोस? तुझीच अक्कल पोकळ!” कावळा खेकसला. काळ्यांचा ढीग झाला. मैनेची पिल्लं त्याच वडावर होती. तिने पांढरा खडा उचलला, ढिगाकडे पाहिलं आणि तो ठेवून काळा टाकला.

चौथ्या दिवशी वड कोसळला. मैना उडाली. पिल्लांना पंख फुटले नव्हते.

सुतारपक्षी तिच्याशेजारी येऊन बसला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “खोड दोन उड्यांवर होतं, दादा. चोच मारून बघायचं राहिलं.”